बेलाइदचा बर्नूस

१

पेटीचं कुलूप शाबूत होतं, किल्ली म्हाताऱ्या ना ज्वाहेरच्या गळ्यात होती, आणि बेलाइदचा लोकरीचा बर्नूस पेटीत नव्हता.

मेझियान आला तेव्हा म्हातारी पेटीपुढे मांडी घालून बसली होती. गावात वडीलधाऱ्या बाईला 'ना' आणि पुरुषाला 'दा' म्हणत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरीसुद्धा ती पेटीत वाकून बघत होती.

"ये मेझियान. हात घाल आणि सांग, माझे हात खोटं बोलतायत का ते."

त्याने हात घातला. चांदीच्या दोन जुन्या टाचण्या लागल्या, लग्नातला शेला लागला. तळाशी एक सुती फडकं होतं, नीट चौघडी केलेलं. फडक्यात कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या दवण्याच्या काड्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"हात खरं बोलतायत, ना ज्वाहेर."

"परवा नवऱ्याकडचे येणार. मुलगी उंबरठा ओलांडते ती बापाच्या बर्नूसखालून. बाप हात वर करतो, ती त्याच्या काखेखालून बाहेर पडते. माझ्या आईपासून असंच आहे. बाप नाही तर नाही, त्याचा बर्नूस तरी होता. तिच्या काकाच्या, अक्लीच्या अंगावर घालून भागवणार होतो. आता काय, पोरीला छत्रीखालून बाहेर काढू?"

मेझियान हसला नाही. म्हातारीचा आवाज चेष्टेचा होता, पण तिची बोटं ते रिकामं फडकं चुरगळत होती.

तिचा थोरला मुलगा बेलाइद अठरा वर्षांपूर्वी फ्रान्सला गेला. तेव्हा त्याची मुलगी ताऊस, जिचं आता लग्न होतं, चार वर्षांची होती आणि मुलगा लूनिस अंगावर पीत होता. पहिली दोन वर्षं पैसे आले, फोन आले. मग फक्त सणाला फोन. मग तोही नाही. आयत सलान गावात अशी घरं पुष्कळ होती, त्यामुळे कुणी फार विचारत नसे. बेलाइद मेला असं कुणी म्हणत नव्हतं. तो येईल असं फक्त ना ज्वाहेर म्हणायची. पांढऱ्या लोकरीचा, टोपीचा तो झगा तिने स्वतः मागावर विणला होता, आणि मुलगा परत येऊन अंगावर घेईल म्हणून राखला होता.

"शेवटचा हात कधी लावलात?"

"रविवारी. दवणा बदलला. आज सुनेला, फेरूजाला देणार होते. बेलाइद उंच, अक्ली बुटका. खालून वीतभर दुमडून टाका घालायला हवा, नाहीतर अक्ली त्यात पाय अडकून पडेल आणि नवऱ्याकडचे वर्षभर हसतील."

"किल्ली?"

"गळ्यात. पण मी झोपले की तोफ उडाली तरी उठत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे."

मेझियानने खोलीभर नजर फिरवली. चोराने चांदी सोडली होती. फडक्याची घडी घातली होती. दवण्याच्या काड्या वेचून आत ठेवल्या होत्या. एक गोष्ट मात्र जागेवर नव्हती. भिंतीवरचा आरसा खुंटीवरून उतरवून जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेला होता, जरा मागे कललेला.

"आरसा कुणी उतरवला?"

"मला काय विचारतोस? मला आरशाचा काय उपयोग?"

त्याने आरसा उचलून परत खुंटीला लावला.

"चोर घरातलाच आहे, ना ज्वाहेर."

"ते मलाही कळतं. म्हणून तर तुला बोलावलं. बाहेरचा असता तर मीच शिव्या घालून परत मिळवला असता."

२

मेझियान तीस वर्षं डोंगरातली बस चालवत होता. गावातून जे जे गेले त्यांना त्यानेच खाली शहरात नेलं होतं, बेलाइदलाही. आता निवृत्त होऊन गावसभेत आपल्या भावकीच्या वतीने बसायचा. पाण्याची पाळी, शेळी कुणाच्या मळ्यात गेली, कुंपण कुणी सरकवलं, असली भांडणं सोडवायचा. जानेवारीत त्याची बायको वारली; तासादीत तिचं नाव. तेव्हापासून कुणी काहीही काम सांगितलं तर तो हो म्हणायचा. घरात बसण्यापेक्षा ते बरं होतं.

अंगणाच्या पलीकडच्या खोलीत अक्ली राहायचा, बेलाइदचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नव्हतं. भावाच्या पोरांची शाळा, दवाखाना, जैतुनाची झाडं, सगळं त्यानेच पाहिलं. आत्ता तो अंगणात भाड्याने आणलेल्या खुर्च्यांचे पाय ठोकत होता.

"दा मेझियान, बसू नका त्या खुर्चीवर. तिच्यावर मी नवरदेवाच्या मामाला बसवणार आहे."

"का, काय केलं त्याने?"

"हुंड्याच्या बोलण्यात माझ्या उंचीवर बोलला."

मेझियान दुसऱ्या खुर्चीवर बसला. "बर्नूस कुणी नेला असेल?"

अक्लीने हातोडी खाली ठेवली. "शोधा दा. काहीही करून शोधा. गोठा मी बघितला, माळा बघितला, लाकडाची खोली बघितली. तो मिळायलाच हवा."

"तुझा स्वतःचा घाल मग. बर्नूस तो बर्नूस."

"माझा कुठे आहे?"

"ना ज्वाहेरने दोघांनाही विणला होता. मी स्वतः पाहिलाय तुझ्या अंगावर."

"कसर लागली. टाकून दिला."

"कधी?"

"झाली खूप वर्षं." त्याने हातोडी उचलली आणि आधीच ठोकून झालेला खिळा पुन्हा ठोकायला लागला.

मेझियानला फेब्रुवारीतला एक अंत्यविधी आठवला. गुडघाभर बर्फ होता. सगळे पुरुष बर्नूस पांघरून उभे होते, आणि अक्ली एका पातळ जाकिटात, हात काखेत घालून. पोरं त्याला चिडवत, काका, तुम्ही काय उन्हाळ्यात जन्मलात का. तो हसायचा.

फाटकापाशी शेजारच्या मळ्यातली म्हातारी स्मिना उभी होती. तिने मेझियानला हळूच जवळ बोलावलं.

"मी काही बोलत नाही बरं का. पण लूनिसने आज सकाळी एक गोणी बसवर चढवली. फुगलेली गोणी होती. स्वतः नाही गेला. गोणीच पाठवली."

३

गोणी कुठे उतरली हे काढायला जुन्या ड्रायव्हरला फार कष्ट पडले नाहीत. घाटाच्या तिठ्यावर एक कॉफीचं दुकान होतं. तिथे काउंटरच्या मागे ती पडली होती. दुकानदार म्हणाला, "लूनिस शनिवारी न्यायला येणार आहे. तुम्ही आहात म्हणून उघडतो, नाहीतर नसती उघडली."

आत लोकर नव्हती. दोन शर्ट होते, बूट होते, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोनचा चार्जर होता. आणि नारिंगी रंगाचं, पाण्यात तरंगायचं जाकीट, होडीतून चोरून समुद्रापार जाणारी पोरं घालतात तसलं.

मेझियानने गोणीचं तोंड होतं तसं बांधलं.

लूनिस त्याला गावच्या झऱ्यापाशी भेटला. लग्नासाठी पाण्याचे कॅन भरत होता. उंच पोरगा होता, बापासारखा. मेझियान त्याच्या शेजारी दगडावर बसला.

"बर्नूस तू घेतलास?"

"मी कशाला घेऊ? त्या माणसाचं मला काहीही नको."

"काहीही?"

"काहीही."

"मग त्याचाच रस्ता कशाला हवा?"

कॅन भरून वाहायला लागला. लूनिसने तो बाजूला घेतला नाही.

"तिठ्यावर गेला होतात," तो म्हणाला.

"गेलो होतो."

"आईला सांगणार?"

"मी बर्नूस शोधतोय. गोणी माझ्या कामातली नाही. ती तू सांग."

लूनिसने कॅन बाजूला ओढला. मग म्हणाला, "सोमवारी आणि मंगळवारी मी शहरात होतो. लाउडस्पीकर ठरवायला गेलो होतो, आणि ते जाकीट घ्यायला. मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर ताऊस कुणाशी बोलत नव्हती. आईने वाढलेलं खात नाही. काका आले की उठून आत जाते. मला वाटलं, लग्नाच्या आधी मुली असंच करतात."

"सगळ्यांशी?"

"आजीशी बोलते. माझ्याशी बोलते. आई आणि काकाशी नाही."

मेझियान उठला. चढावरून जाताना तो दोनदा थांबला. पहिल्यांदा दम लागला म्हणून. दुसऱ्यांदा, रविवार ते मंगळवार त्या घरात काय घडलं असेल याचा विचार करत.

४

फेरूजा परातीत रवा मळत होती. बेलाइदची बायको, चाळिशीची. तिच्या मागे दोरीवर लग्नाचे कपडे टांगले होते. सगळे शिवून, इस्त्री करून तयार होते. बाहेरून चार बायका मदतीला आल्या होत्या. मेझियान आल्यावर त्या उठून अंगणात गेल्या, पण दारापासून फार लांब गेल्या नाहीत.

"दा, मिळाला?"

"अजून नाही. तुला टाका घालायचा होता ना त्याला?"

"हो. वीतभर."

"सुई-दोरा कुठे आहे?"

ती गोंधळली. "का?"

"पांढऱ्या लोकरीचा दोरा लागेल. बाकी सगळं तयार दिसतंय. तोच नाही दिसला."

"टाक्याला काय, पाच मिनिटांचं काम आहे."

तासादीतने एकदा त्याच्या बर्नूसला खालून टाका घातला होता. दुपारचं जेवण उरकून बसली ती दिवे लागेपर्यंत शिवत होती. घेर मोठा असतो. पाच मिनिटांत टाका घालेन असं तीच बाई म्हणते जिला टाका घालायचाच नाही.

"फेरूजा, बर्नूस नाही मिळाला तर?"

तिचे हात पिठात थांबले. "असं म्हणू नका. म्हातारी ताऊसला बाहेर पडू देणार नाही. नवऱ्याकडचे ऐकून घेणार नाहीत. तो पेटीतच राहायला हवा होता, दा. आम्हाला..." ती थांबली. "म्हणजे, सगळ्यांनाच तो हवा होता."

ती घाबरली होती. पण चोरी केलेला माणूस सापडण्याला घाबरतो. ही न सापडण्याला घाबरत होती. सकाळी अक्लीचंही तसंच होतं.

तो बाहेर पडला. जिन्याखाली, जुन्या मातीच्या कणगीपाशी ताऊस उभी होती. हाताला मेंदी लागायची होती अजून. बावीस वर्षांची मुलगी, पण चेहरा आजारी माणसासारखा उतरलेला.

"दा मेझियान, एक विचारू?"

"विचार."

"बाबांना तुम्हीच बसने नेलं होतं ना?"

"मीच."

"ते किती उंच होते?"

मेझियानने तिच्याकडे पाहिलं. "बसच्या दारातून वाकून आत यायचा. तरी एकदा डोकं आपटलंच. जायच्याच दिवशी."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ताऊसचे डोळे भरून आले. ती मागे वळली आणि धावत आत गेली.

५

घरी येऊन मेझियानने भाकरी, तेल आणि सुके अंजीर खाल्ले. दुसरं काही करायला येत नव्हतं असं नाही, पण एका माणसासाठी चूल पेटवायचा त्याला कंटाळा यायचा. समोरची जागा रिकामी होती. पूर्वी तासादीत तिथे बसून त्याला गावातलं सगळं सांगायची आणि तो अर्ध्यात झोपायचा. आता तिने सांगितलेलं आठवायची वेळ आली होती, आणि आपण नीट ऐकलं नाही याची त्याला चुटपुट लागली.

आरशापासून सुरुवात करू, असं तो स्वतःशी म्हणाला. आरसा जमिनीवर टेकवून, मागे कलवून कोण ठेवतं? ज्याला स्वतःचे पाय बघायचे असतात. म्हणजे चोराने बर्नूस अंगावर घालून पाहिला आणि तो खाली कुठपर्यंत येतो ते पाहिलं. चोरायला आलेला माणूस असलं करत नाही. हा माणूस चोरायला आलाच नव्हता, बघायला आला होता.

बघायची हौस कुणाला? अक्लीने आणि फेरूजाने बेलाइदला त्यात शंभरदा पाहिलं होतं. लूनिस शहरात होता. राहिली ताऊस. चार वर्षांची असताना बाप गेला. लग्नाच्या आधी तिला बघायचं होतं की आपला बाप केवढा होता, आपण त्याच्या कुठे लागलो असतो.

तिने घातला, आरशात पाहिलं. आणि मग असं काही दिसलं की तिने तो परत ठेवला नाही, आईच्या हातचं खाणं सोडलं, काकाकडे बघणं सोडलं. आणि आज विचारते, बाबा किती उंच होते.

तो बर्नूस आखूड होता. एका बुटक्या माणसाचा.

इथपर्यंत गाडी सरळ आली. पुढे वळण होतं. अक्लीचा बर्नूस बेलाइदच्या पेटीत कसा आला? ज्या पोरीला हे अचानक कळलं तिच्या मनात काय आलं असेल हे मेझियानला स्पष्ट दिसत होतं. गावातल्या कुणाच्याही मनात तेच आलं असतं. म्हणूनच फेरूजाने दोरा काढला नव्हता. टाका घातला असं खोटंच सांगायचं होतं. अक्लीने अंगावर घेतल्यावर तो बरोब्बर घोट्यापर्यंत आला असता आणि सगळे म्हणाले असते, छान शिवलास हो फेरूजा. दोघांना तो पेटीत हवा होता. लपवाछपवी दोघांची होती, यात शंका नव्हती. कशाची, हा प्रश्न होता.

त्याने पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तसाच हातात धरून राहिला.

मोठ्या बर्फाचा हिवाळा. बेलाइदला जाऊन तिसरं वर्ष. रस्ता दोन आठवडे बंद होता, मेझियानची बस तिठ्यावर अडकून पडली होती. तो घरी परतला तेव्हा तासादीत सांगत होती. "फेरूजाच्या पोरांच्या अंगात नव्या बंड्या आल्यात. पांढऱ्या शुभ्र, जाड लोकरीच्या. मी विचारलं तर म्हणे माहेराहून लोकर आली. तुझी बस बंद, खेचरं बंद, मग तिच्या माहेरची लोकर काय उडत आली?"

तो तेव्हा म्हणाला होता, "असेल." आणि झोपला होता.

६

सकाळी तो सरळ जिन्याखालच्या कणगीपाशी गेला. कणगी कधीची रिकामी होती, आता पीठ दुकानातून यायचं. तरी तिच्या तोंडावर नवं फडकं बांधलेलं होतं. त्याने ताऊसला बोलावलं.

"तू काढतेस की मी काढू?"

तिने तो बाहेर काढला. छातीशी धरला.

"चोरी नाही केली मी. मला फक्त घालून बघायचा होता. सगळे म्हणतात बाबा ताडासारखे उंच. माझ्या अंगावर तर तो जमिनीवर लोळायला हवा होता. नाही लोळला. आणि टोपीखाली, खांद्यावर जळलेला डाग आहे, बघा. अक्ली काका सांगतात ना, तरुणपणी शेकोटीपाशी झोप लागली होती आणि बर्नूस जळला होता? हा त्यांचा आहे. बाबांच्या पेटीत त्यांचा. मी कोणाची मुलगी आहे, दा?"

"तू बेलाइदची मुलगी आहेस. तो गेल्यावर तुझी आई काकाकडे बघत होती असं तुला वाटतं, तेही खरं नाही. चल, सगळ्यांसमोर सांगतो."

ना ज्वाहेरच्या खोलीत सगळे आले. मेझियानने दार लावून घेतलं आणि अंगणातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "स्मिना, कान थंड होतील, जा घरी." बाहेर पावलं वाजली.

मग त्याने आरशापासून सगळं सांगितलं. घाई न करता, घाटात गाडी चालवतात तसं. शेवटी तो फेरूजाला म्हणाला, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या बायकोला कळलंच होतं, मीच झोपलो. त्या हिवाळ्यात तुझ्या माहेराहून लोकर येणं शक्य नव्हतं."

फेरूजाने खाली बघितलं. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि एक लहानशी बंडी घेऊन आली. पिवळी पडलेली, कोपरांवर विरलेली.

"लाकडं संपली होती," ती म्हणाली. "लूनिस खोकून निळा पडत होता. तुम्हाला ताप होता आई, तुम्ही भानावर नव्हतात. मी तुमच्या गळ्यातली किल्ली काढली आणि बर्नूस कापला. दोन बंड्या, दोन टोप्या, उरलेल्याचे मोजे. मला वाटलं होतं तो वसंतात येईल तेव्हा त्याच्या पाया पडेन. तो आला नाही. तुमच्या पाया पडायची हिंमत झाली नाही."

"आणि तुम्ही?" ताऊसने अक्लीकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

अक्ली कोपऱ्यात उभा होता. "मला कुणी सांगितलं नाही. लूनिसला कपडे घालत होतो तर कॉलरच्या आतून आईची किनार दिसली. आई ती किनार फक्त बर्नूसला घालते. मग म्हटलं, वसंतात दवणा बदलायला आई पेटी उघडेल आणि वहिनीची काही धडगत नाही. आईच्या डोळ्यांना तेव्हाच नीट दिसत नव्हतं. वीण आईचीच, लोकर तीच. हाताला फरक कळणार नव्हता. मी माझा ठेवून दिला आणि मग वहिनीला सांगितलं. एवढंच झालं."

"एवढंच," लूनिस म्हणाला. तो बंडीकडे बघत होता.

ना ज्वाहेरने हात पुढे केला. फेरूजाने बंडी तिच्या हातात दिली. म्हातारीने ती उलटी केली आणि कॉलरच्या आतून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा. मेझियानला वाटलं, आता ही किंचाळेल, नाहीतर फेरूजाला घराबाहेर काढेल. तिच्या दृष्टीने सुनेने बर्नूस कापला नव्हता. तिच्या मुलाची परत यायची वाट कापली होती.

"ताऊस," म्हातारी शेवटी म्हणाली.

"काय आजी?"

"गरम होतं का?"

"हो आजी. लूनिस तर धुवायलासुद्धा काढू द्यायचा नाही."

"गरम असणारच. मी विणलेलं आहे." तिने बंडी मांडीवर ठेवली. "आणि तू रे अक्ली? इतके हिवाळे?"

"मला थंडी कमी वाजते, आई."

"खोटारड्या. सात वर्षांचा होईपर्यंत माझ्या पांघरुणातून निघायचा नाहीस." तिचा आवाज फाटला. तिने तोंड भिंतीकडे केलं. मग डोळे न पुसताच म्हणाली, "उद्या नवऱ्याकडचे येतील. पोरीला काढायचं कसं? बेलाइदचा तर नाही राहिला."

"काकांच्या बर्नूसखालून जाईन," ताऊस म्हणाली.

"ठीक आहे. बेलाइदच्या नावाने."

"नाही आजी. काकांच्या नावाने."

हे कुणाला अपेक्षित नव्हतं. अक्ली घाईने म्हणाला, "अगं, नाव कुणाचंही असू दे—"

"तुम्ही गप्प बसा काका. आजी, मी बाबांना वाईट म्हणत नाहीये. मला ते आठवतच नाहीत. मला शाळेत कोण सोडायचं ते आठवतं."

म्हातारीचा हात बंडीवर फिरत राहिला. तिने हो म्हटलं तर अठरा वर्षांची वाट तिला स्वतःच्या तोंडाने सोडावी लागणार होती. मेझियान तिच्याकडे बघत होता. कुणाची वाट बघायची नाही हे रोज सकाळी उठून स्वतःला सांगायला काय लागतं, ते त्याला माहीत होतं. इथे गावसभेच्या माणसाचं काम संपलं होतं.

"गाव विचारेल," ना ज्वाहेर म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

"गावाला काय विचारायचंय?" मेझियान आता बोलला. "अक्लीचा बर्नूस अक्लीच्या अंगावर. कसर लागलेला होता, दुरुस्त करून घेतला. जळक्या डागाची गोष्ट अख्ख्या गावाने ऐकलेली आहे."

"मग दवणा झटका त्यातून," म्हातारी म्हणाली. "नवऱ्याकडच्यांना वाटेल आम्ही पोरगी औषधाच्या दुकानातून देतोय."

७

शुक्रवारी दुपारी गाड्या आल्या, हॉर्न वाजवत. नवरदेवाचा मामा त्या खुर्चीवर बसला आणि खुर्चीने अक्लीची लाज राखली, म्हणजे मोडली. बायकांनी गाणी सुरू केली. लूनिस दाराबाहेर सामान उचलत होता. शनिवारचं त्याने काय ठरवलं आहे हे मेझियानने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सकाळी मात्र तो आणि फेरूजा झऱ्यावर बराच वेळ बसलेले मेझियानला लांबून दिसले होते. दोघांचे कॅन रिकामेच होते.

ना ज्वाहेरला दाराच्या बाजूला स्टुलावर बसवलं होतं. तिला काही दिसणार नव्हतं. म्हणून मेझियान तिच्याशेजारी उभा राहून तिला सांगत होता.

"आली बाहेर. डोकं झाकलंय. फेरूजाने मागून धरलंय."

"रडतेय?"

"फेरूजा रडतेय."

"अक्ली?"

"उंबरठ्यात उभा आहे. बर्नूस घोट्यापर्यंत आलाय. व्यवस्थित."

म्हातारीने मान हलवली.

ताऊस उंबरठ्यापाशी येऊन थांबली. गाणी थांबली. अक्ली तिच्याकडे बघत तसाच उभा होता, हात खाली सोडून. इतक्या वर्षांत त्याने या पोरीसाठी सगळं केलं होतं, पण हे कसं करतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरात मुलगी जन्मली नव्हती.

"काय झालं?" ना ज्वाहेरने विचारलं. "थांबले का सगळे?"

अक्लीने जरा पुढे वाकून ताऊसला हळूच विचारलं. मेझियानला ऐकू आलं.

"आता मी काय करायचं?"

"हात वर करा काका," ती म्हणाली. "बाकी मी करते."